बिनपिसांचा बाण

परकारभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मजल्यावरच्या लिफ्टसमोर. डोळे मिटून, मान तिरकी करून, एक काळी नळी कानाशी धरून ते ती हळूहळू वाकवत होते. मी भाजीच्या पिशव्या सावरत लिफ्टमधून बाहेर पडले, तर डोळे न उघडताच त्यांनी एक बोट वर केलं. थांबा. ओळख ना देख, आणि हा माणूस मला माझ्याच दारासमोर थांबवतोय! पण मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, पोरांना असंच बोट वर करून गप्प करण्यात माझं आयुष्य गेलंय. त्या बोटाचा मान राखून मी थांबले.

नळी सगळ्या बाजूंनी वाकवून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. "माफ करा हं. आत चीर असली की टिक् असा बारीक आवाज येतो. घरात एसीच्या घरघरीत ऐकू येत नाही. चीर गेलेला बाण दोरीवर चढवला की हातात फुटतो, आणि हा कार्बन, त्याची कुसळं मांसात घुसतात." मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, "मी परकार. खेडचा. तुम्ही फोनवर मराठी बोलता, ते भिंतीतून ऐकू येतं. बरं वाटतं."

मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या त्या इमारतीच्या भिंती खरंच पापडासारख्या होत्या. माझा नवरा सतीश दूर दुक्म बंदराच्या प्रोजेक्टवर, सुट्टी मिळाली की घरी यायचा. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे भिंतीतून परकारभाईंना ऐकू जायचा तो बहुतेक माझा एकटीचाच आवाज.

ते एका पाइपच्या यार्डात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. वेल्डिंगच्या जोडावर बोट फिरवून ते तो नापास करायचे, आणि मग यार्डात दिवसभर आरडाओरडा चालायचा. पगार चांगला, मान मोठा, स्वभाव तिखट. बायको, रुखसानाभाभी, खेडला सासूबाईंजवळ राहायच्या. त्यांच्याशी फोनवर बोलताना परकारभाईंची मराठी सुटून घरची कोकणी सुरू व्हायची, आवाज मऊ पडायचा. फोन ठेवला की पुन्हा इन्स्पेक्टर.

'अंदाजे' या शब्दाचा त्यांना राग होता. मी एकदा म्हटलं, आमटीत अंदाजे मीठ घालते. त्यावर मला म्हणाले, "मग चव अंदाजेच लागत असेल." दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण आमटीची वाटी त्यांनी चाटूनपुसून परत केली होती, त्यामुळे सोडून दिलं.

धनुष्याचा नाद त्यांना इथेच लागला. मस्कतजवळ बरक्याला एका ओमानी गृहस्थाची खजुराची बाग होती. सालेम त्यांचं नाव, पण आम्ही सगळे त्यांना अर्बाबच, म्हणजे मालक, म्हणायचो. बागेच्या मागच्या अंगाला त्यांनी रीतसर परवानगी काढून नेमबाजीची जागा केली होती. ओमानात शिकारीला बंदी, त्यामुळे इथे निशाण गवताच्या गाठोड्याचंच. शिकारीला अर्बाब दूर आफ्रिकेच्या दक्षिणेला, जिथे ती कायद्यात बसते तिथल्या एका खासगी फार्मवर जायचे. धनुष्य जुन्या पद्धतीचं, लाकडाचं, ना चाकं ना दुर्बीण. बाण मात्र कार्बनचे. आणि ते बाण निवडायचे, कापायचे, जुळवायचे ते परकारभाईंनी. दुसऱ्या कुणाच्या हाताला अर्बाब ते काम देत नसत.

सतीश आला की शुक्रवारी सकाळी आम्ही बरक्याला मासळी घ्यायला जायचो आणि येताना बागेत टेकायचो. मला पहिल्यांदा वाटलं होतं, बाणात काय निवडायचंय? सरळ असला की झालं. परकारभाईंनी माझ्याकडे मी ढ मुलाकडे बघते तसं बघितलं. "बाई, सुटताना बाण सरळ नसतोच. दोरी मागून ढकलते, टोक जड असतं, मधे तो वाकतो. माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो. किती वाकायचं ते ज्याच्या त्याच्या ओढीवर. ताठ बाण वाकत नाही, डावीकडे जातो. मऊ बाण फार वाकतो, उजवीकडे जातो. माणूस बघून बाण करायचा असतो."

मग त्यांची परीक्षा सुरू व्हायची. दोन बाणांना पिसं लावलेली, एकाला काहीच नाही. तिन्ही सोडायचे. उघडा बाण पिसांच्या बाणांशेजारी जाऊन रुतला तर पास. डावीकडे गेला तर टोकाला जास्त वजन, उजवीकडे गेला तर नळी मागून जराशी कापायची, नखाएवढी, आणि परत पहिल्यापासून. उन्हं डोक्यावर येईपर्यंत हे चालायचं. एकदा मस्कतहून एक डॉक्टर आले होते, महागाचे तयार बाण घेऊन. बाण छान लागत होते. परकारभाईंनी त्यातल्या एकाची पिसं चाकूनं सपासप कापून काढली आणि म्हणाले, "आता मारा." बाण गठ्ठ्याला आडवाच जाऊन आपटला. डॉक्टर लालबुंद झाले. अर्बाबनी कपाळाला हात लावला.

"पिसं काय करतात, वाकड्या बाणाला ओढून सरळ करतात," परकारभाई मला समजावून सांगत होते, डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात. "त्यात अंतर जातं, जोर जातो. गवताला चालतं. जनावराला नाही चालत. तिथे बाण आरपार गेला पाहिजे. त्याला कळायच्या आत संपलं पाहिजे."

तोपर्यंत त्यांनी स्वतः एकही शिकार पाहिलेली नव्हती, हे मला मागाहून कळलं. ते फक्त बाण करून द्यायचे. अर्बाब परत आले की विचारायचे, आरपार? अर्बाब म्हणायचे, आरपार. मग हा माणूस दोन दिवस खुशीत असायचा, मला सुरमई आणून द्यायचा.

मग एका वर्षी अर्बाबनी त्यांना सोबत नेलं. जाताना केवढा थाट! माझ्याकडून थर्मास नेला, सतीशचे लोकरीचे मोजे नेले. परत आले तेव्हा थर्मास दाराशी ठेवून गेले, बेलसुद्धा वाजवली नाही.

आमच्या बाल्कन्या शेजारीशेजारी होत्या, मधे हातभर भिंत. तिथे एका दुपारी, बऱ्याच आठवड्यांनी, त्यांनी मला सांगितलं. तिकडे तेव्हा कडक हिवाळा. पहाटेपासून ते झुडपांच्या आडोशाला बसलेले. पुढे अर्बाब, मागे परकारभाई, बाजूला तिथला गोरा वाटाड्या. गारठ्यानं अर्बाबनी डोक्याचं मस्सर सोडलं आणि ते जाड कापड नाकातोंडाभोवती गुंडाळून घेतलं.

"मी बघितलं बाई. तेव्हाच बघितलं."

"मग?"

"अर्बाब दोरी ओढतात ती ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. बोट ओठाला लागलं की सोडायचं, अशी सवय. तेवढ्या ओढीवर मी बाण जुळवले होते. इथे, बरक्याला, उघड्या तोंडानं. आता ओठावर कापडाचे पदर. बोट कापडाला लागणार, त्यांना वाटणार ओढ पुरी झाली. दोन बोटं कमी ओढ. कमी ओढीला तोच बाण ताठ पडतो. डावीकडे जातो, वाकडा घुसतो, अर्ध्यावर अडकतो. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं."

"सांगितलं का नाही?"

"वाटलं, नेम धरताना काढतील. आणि तो गोरा बसलेला शेजारी. त्याच्यासमोर अर्बाबना म्हणू, तोंडावरचं काढा? शरम वाटली. मग कुडू आला, तिकडचं मोठं हरीण. एवढी उंच शिंगं, पिळाची. आल्यावर कोण बोलणार? तेव्हा बोललो असतो तर तो पळाला असता. पळाला असता तर काय बिघडलं असतं, सांगा."

अर्बाबनी बिस्मिल्ला म्हटलं आणि बाण सोडला. तो डावीकडे, पोटात, वाकडा घुसला. जनावर उसळलं आणि बाण अंगात घेऊन झाडीत गेलं. दिवसभर माग काढला. रक्ताचे थेंब आधी पानांवर, मग दगडांवर, मग नाहीसे. दुसऱ्या दिवशीही शोधलं. तिसऱ्या दिवशी विमान होतं.

"अल्लाचं नाव घेऊन सोडलेला बाण," परकारभाई म्हणाले. "नाव घेतलं की काम पुरं करायचं असतं. आमचं अर्धं राहिलं. तो चालतोय अजून कुठेतरी. माझा बाण घेऊन."

मी शिक्षकी पद्धतीनं समजूत घातली. जनावर असं महिनोन्महिने चालत नाही परकारभाई, एक तर बरं होतं, नाही तर मरतं. त्यांनी मान डोलावली, माझ्या समाधानासाठी.

त्यानंतर त्यांनी मांस सोडलं. त्याची वाच्यता केली नाही, ईदला मात्र ताटात फक्त शेवया. फोनवर हवामान बघायची आपल्याला सवय असते. त्यांच्याकडे तीन गावं होती, मस्कत, खेड आणि त्या फार्मजवळचं गाव. बाहेर अंगाची लाही होत असताना हे मधेच म्हणायचे, "आज तिकडे फार गारठा आहे." कधी बोलता बोलता थांबायचे आणि कान द्यायचे. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "काही नाही. पाय ओढत कोणी चाललं की जसा आवाज येतो, तसा वाटला." खाली वॉचमन खुर्ची सरकवत होता. मी हसण्यावारी नेलं, पण खरं सांगते, मला भीती वाटली. घरात एकटी असले की मलाही तो आवाज यायला लागला.

दोन हिवाळे तिकडचे असे गेले. मग अर्बाबनी पुन्हा जायचं ठरवलं आणि परकारभाईंना नवे बाण करायला सांगितलं.

तेव्हा त्यांनी जे केलं ते मी भिंतीपलीकडून ऐकत होते. नळ्या वाकवणं, कापणं, टोकं बदलणं, रोज. शेवटी एके दिवशी मला दोन जुड्या दाखवल्या. "ही उघड्या तोंडाची. ही कापड गुंडाळलेल्या तोंडाची. नळ्या जरा लांब, टोकं जड, म्हणजे कमी ओढीलाही वाकतील. ही दुसरी दिली की झालं. काही बोलायलाच नको."

"आणि त्या दिवशी थंडी नसली? त्यांनी कापड काढलं तर?"

"तोच तर घोटाळा आहे," ते म्हणाले. "मग हे मऊ पडतील. उजवीकडे जातील. बोलल्याशिवाय सुटका नाही बाई. आणि बोललो की त्यांना कळणार, मी तेव्हा बघितलं होतं आणि गप्प बसलो. दोन वर्षं ते समजतायत की त्यांचाच नेम चुकला. मी समजू दिलं."

पुढच्या शुक्रवारी आम्ही बरक्याला गेलो ते त्यांच्या सांगण्यावरून. "तुम्ही असलात की मला मागे फिरता येणार नाही," असं म्हणाले होते. उन्हाळा, सकाळीच घामाच्या धारा. अर्बाब बाण मारायला उभे राहिले तेव्हा परकारभाई पुढे झाले. "अर्बाब, मस्सर मुंह पे बांधो."

"इस गर्मी में? परकार, तेरा दिमाग ठीक है?"

"बांधो ना."

अर्बाब चांगल्या मनाचा माणूस. हसत हसत कापड गुंडाळलं, घामानं निथळत दोरी ओढली आणि सोडली. उघड्या तोंडाच्या जुडीतला बिनपिसांचा बाण डावीकडे हातभर लांब जाऊन वाकडा रुतला. मग कापड काढून दुसरा. तो बरोबर मधे. अर्बाब दोन्ही बाणांकडे आळीपाळीनं बघत राहिले. त्यांचं हसू मावळलं. सतीश मला म्हणाला, चल, आपण गाडीत बसू. मी हलले नाही.

"उस दिन मैंने देखा था, अर्बाब," परकारभाई म्हणाले. "सुबह से देखा था. बोला नहीं. नेम आपका नहीं चूका. मैं चूका."

मला वाटलं होतं अर्बाब चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी धनुष्य खाली ठेवलं, परकारभाईंचा हात धरून त्यांना खजुराच्या सावलीत बसवलं आणि स्वतः कावा, अरबी कॉफी, ओतून फिंजानचा छोटा कप त्यांच्या हातात दिला. मग खाली बघत बोलले.

"परकार, वो मिल गया था."

परकारभाईंना अर्थच लागला नाही.

"हम लोग मस्कत आ गए, उसके बाद. फार्म के आदमी लोग को मिला. मेरे को फोन आया. तेरे को नहीं बोला मैंने. क्या बोलता? खलास हो गया था. उसी रात को, ऐसा बोले वो लोग."

"कहां?"

"पानी के पास."

"कौन से पानी के पास, अर्बाब?"

अर्बाब दुसरं फिंजान भरायला लागले. परकारभाईंनी पुन्हा विचारलं, अगदी हळू. तेव्हा अर्बाब म्हणाले, "तंबू के पीछे. घूम के वापस आया था."

म्हणजे हे दोघं दुसरा सगळा दिवस डोंगरापलीकडे शोधत होते, आणि तो त्यांच्या पाठीशी, झोपायच्या जागेच्या मागेच पडलेला होता. जो चालतोय म्हणून परकारभाई दोन वर्षं रोज तिथला गारठा बघत होते, तो त्या पहिल्याच रात्री संपला होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस सुटेल. मी तसं म्हणालेसुद्धा, परत येताना गाडीत. परकारभाई इमारतीपाशी उतरताना एवढंच म्हणाले, "मी जातो त्यांच्याबरोबर. मला ती जागा बघायचीय."

ते गेले, आणि परत आले तेव्हा अर्बाब स्वतः त्यांना सोडायला आले होते. परकारभाई सामान घेऊन वर गेले. मी शाळेतून येत होते. अर्बाबनी मला गेटपाशी थांबवलं. मोठा, धिप्पाड माणूस, पण पोरासारखा किल्ल्या हातात खेळवत होता.

"मॅडम, हमने शिकार नहीं किया. धनुष निकाला ही नहीं," ते म्हणाले. "परकार जाके उधर पानी के पास बैठ गया. शाम को. मेरे को बोला, अर्बाब, आप तंबू में जाओ. उस रात हम लोग बहुत हँसा था. परकार ने अपने गांव का किस्सा सुनाया था, मेरा मूड ठीक करने को. बोला, वही किस्सा आप सुनाओ, और हँसो. मैं अकेला तंबू में बैठ के किस्सा सुनाया, मॅडम. हँसा भी. फिर वो अंदर आया."

"काय म्हणाले?" मी मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

"बोला, सब सुनाई देता है."

त्यांनी मान हलवली, इन्शाल्ला ठीक हो जाएगा म्हणाले आणि गाडीत बसले.

परकारभाईंनी त्यानंतर नोकरीचा राजीनामा दिला. रुखसानाभाभींना बरं वाटलं असेल, त्या कधीच्या मागे लागल्या होत्या. बाण त्यांनी अर्बाबना दिले, दोन्ही जुड्या. माझ्याशी नेहमीसारखं बोलायचे, आमटीला नावं ठेवायचे. मी तो विषय काढला नाही आणि त्यांनीही नाही. ते मला एकटे सापडतील अशी वेळ मीच टाळत होते, आता कळतं.

त्यांच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या मुलीचा फोन आला होता. तिच्या होस्टेलवर काहीतरी गंमत झाली होती, ती सांगताना तिला बोलवेना, आणि मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसतच वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले. परकारभाई त्यांच्या बाल्कनीत उभे होते. पाठमोरे नाही, रस्त्याकडे तोंड करूनही नाही. आमच्या मधल्या भिंतीकडे वळून, अगदी तिच्याजवळ, डोळे मिटून. तंबूबाहेर, त्या पाण्याजवळ, असेच ऐकत बसले असतील. कधीपासून उभे होते कोण जाणे. माझं हसू जागच्या जागी थांबलं. फोनवर पोरगी आई, आई करत होती.

त्यांनी डोळे उघडले. रागावलेले नव्हते, ओशाळलेही नव्हते. खूप लांबून बघावं तसे माझ्याकडे बघत होते.

"थांबलात का बाई?" ते म्हणाले. "हसा की. त्याचं काही नाही."

मी प्रयत्न केला. आला तो आवाज हसण्याचा नव्हता.